जुना गिटार ॲम्प घेताय? ओव्हरड्राइव्ह चॅनलची तुलना या क्रमाने करा

सेकंडहँड ॲम्प बघायला गेलं की बहुतेक जण काय करतात, गिटार लावली, ड्राइव्ह (म्हणजे ओव्हरड्राइव्ह, फाटका आवाज देणारा) चॅनल ऑन, गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) फुल, दोन पॉवर कॉर्ड, एखादा पाठ असलेला लिक, आणि लगेच "भारी वाजतोय भाऊ, किती सोडशील?" मग घरी आणल्यावर आठवडाभरात कळायला लागतं की कमी आवाजात हा चॅनल नुसता माशीसारखा घोंघावतो, किंवा पूर्ण कॉर्ड वाजवली की चिखल होतो, किंवा गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तरी क्लीन (स्वच्छ, न फाटलेला) होतच नाही. तोपर्यंत पैसे दिलेले असतात.

नाशकात त्यात अजून एक अडचण आहे. दोन ॲम्प शेजारी शेजारी ठेवून वाजवायला मिळतच नाहीत. एक सिडकोत कुणाच्या तरी दुसऱ्या मजल्यावर, दुसरा नाशिकरोडला, तिसरा देवळाली कॅम्पात, आज हा बघितला की तो रविवारी. मधल्या दिवसांत कानाला नेमकं काहीच आठवत नाही, "तो जरा जास्त दमदार होता" एवढंच डोक्यात राहतं, आणि दमदार वाटण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की तो जोरात लावलेला होता. म्हणून वेगवेगळ्या घरांत आणि वेगवेगळ्या दिवशी ऐकलेल्या ओव्हरड्राइव्हची तुलना खरी कशी ठरेल त्याची पद्धत इथे क्रमाने लिहितोय. क्रम कृपया बदलू नका, पुढच्या टप्प्याचं उत्तर मागच्या टप्प्यावर अवलंबून आहे.

टप्पा १: निघायच्या आधी घरी करायची तयारी

आधी मॉडेलचं मॅन्युअल डाउनलोड करून वाचा, दहा मिनिटांचं काम आहे. त्यात तीन गोष्टी शोधायच्या.

एक, ड्राइव्ह चॅनलला स्वतःचा इक्यू (ट्रेबल, मिडल, बेसचे नॉब) आहे की क्लीनबरोबर वाटून घेतलेला आहे. फेंडर हॉट रॉड डीलक्सवर नॉर्मल, ड्राइव्ह आणि मोअर ड्राइव्ह असे तीन प्रकार मिळतात पण ट्रेबल, मिडल, बेस एकच. म्हणजे क्लीन छान लावला की ड्राइव्ह कसा येतो ते नशीब, आणि हे विकत घ्यायच्या आधी माहीत पाहिजे.

दोन, डिस्टॉर्शन (आवाजाचं फाटणं) तयार कुठे होतं. ट्यूब ॲम्पमध्ये प्रीॲम्पच्या (सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या) ट्यूबमध्ये होतं आणि आवाज वाढवला की पॉवर ट्यूबमध्येही (स्पीकर चालवणाऱ्या) होतं, साध्या सॉलिड स्टेटमध्ये (ट्रान्झिस्टरच्या ॲम्पमध्ये) बऱ्याचदा डायोडमधून होतं, मॉडेलिंगमध्ये (दुसऱ्या ॲम्पची डिजिटल नक्कल करणाऱ्या ॲम्पमध्ये) प्रोसेसर करतो. जाहिरातीत "ट्यूब ॲम्प" लिहिलंय म्हणून पूर्ण ट्यूब असेलच असं नाही, जुन्या मार्शल व्हॉल्वस्टेट ८०८० मध्ये प्रीॲम्पला एक ट्यूब आहे पण पॉवर सेक्शन ट्रान्झिस्टरचं आहे. वाईट ॲम्प अजिबात नाही, फक्त पैसे देताना काय घेतोय ते कळलं पाहिजे.

तीन, एकच नॉब सगळा आवाज फिरवणारा आहे का. काही मार्शल एमजी मॉडेल्सवर कॉन्टूर असतो तो मिड्स (मधल्या पट्टीचा आवाज) खाली-वर करतो, ब्लॅकस्टारवर आयएसएफ नॉब अमेरिकन ते ब्रिटिश असा टोन सरकवतो. असे नॉब विकणाऱ्याने कुठेतरी टोकाला ठेवलेले असतात आणि आपण म्हणतो हा ॲम्पच असा आहे.

मग पिशवी भरायची:

- स्वतःची गिटार, नेहमीच्याच तारा, ट्यून केलेली. विकणाऱ्याच्या गिटारवर निर्णय घेऊ नका.
- दोन केबल, दोन्ही घरी तपासलेल्या, आणि एक छोटी पॅच केबल (ही पुढे फार कामाला येते).
- तीन पिनचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि साधा टेस्टर.
- फोनमध्ये आवाज मोजायचं ॲप, टॉर्च, रेकॉर्डर.
- कुठेतरी हरवेल असा कागद नको, फोनच्या नोट्समध्येच एक कार्ड बनवा, प्रत्येक ॲम्पसाठी तेच कार्ड भरायचं.
- लूपर पेडल (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून परत परत वाजवणारं). स्वतःचा नसेल तर बँडमधल्या कुणाचा एक दिवस मागून आणा.

लूपर का, ते नीट सांगतो कारण अख्ख्या पद्धतीचा कणा तोच आहे. घरी बसून ब्रिज पिकअपवर, गिटारचा व्हॉल्यूम फुल ठेवून, कुठलाही इफेक्ट न लावता अर्ध्या-पाऊण मिनिटाचा एक तुकडा लूपरमध्ये रेकॉर्ड करा: लो ई वर पाम म्यूट (तळहाताने तार दाबून), मग जी मेजर सहा तारांची पूर्ण कॉर्ड, मग एक हळू अर्पेजिओ, मग जी तारेवर बाराव्या फ्रेटचा एकच सूर पूर्ण मरेपर्यंत. लूपरच्या लेव्हल नॉबवर टेपने खूण करा. आता प्रत्येक घरी तोच हात, तोच जोर, तीच गिटार ॲम्पमध्ये जाणार, तुम्ही दमला आहात की समोर विकणारा बसलाय म्हणून बिचकून वाजवताय याचा काही परिणाम होणार नाही, शिवाय ते वाजत असताना तुमचे दोन्ही हात नॉब फिरवायला मोकळे.

⚠ लूपरने बोटांची भाषा कळत नाही, म्हणजे हलकं वाजवल्यावर ॲम्प काय करतो ते. ते पुढे हातानेच वाजवून बघायचं आहे, त्यामुळे लूपर नेला म्हणून गिटार घरी ठेवू नका.

टप्पा २: फोनवर विचारायचं

चार प्रश्न पुरे. मागच्या लेबलवर किती व्होल्ट लिहिलंय, फूटस्विच सोबत आहे का, स्पीकर किंवा ट्यूब कधी बदलल्या का, आणि "मी येईपर्यंत ॲम्प बंदच ठेवाल का?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, काही बिघाड ॲम्प थंड असतानाच दिसतात आणि काही गरम झाल्यावर, आपल्याला दोन्ही बघायचे आहेत. तासभर वेळ लागेल हेही आधीच सांगा म्हणजे तिथे गेल्यावर "मला निघायचंय" ऐकावं लागत नाही.

व्होल्टचं मनावर घ्या. अमेरिकेहून कुणी नोकरी संपवून परत येताना आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असू शकतो, जपानमधला १०० चा, आणि आपल्या भिंतीत २३० आहे. असा ॲम्प स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला तर फ्यूज जाईल, नशीब वाईट असेल तर आतला ट्रान्सफॉर्मर. आणि स्टेपडाउन घेताना ॲम्पवर लिहिलेले वॉट बघायचे नाहीत, ४० वॉटचा ट्यूब ॲम्प भिंतीतून दीडशे-दोनशे वॉट ओढू शकतो, मागच्या लेबलवर वीज किती लागते ते लिहिलेलं असतं, त्यापेक्षा बऱ्यापैकी मोठा घ्यायचा. हा खर्च किमतीत धरूनच तुलना करा.

टप्पा ३: पोचल्यावर, गिटार बॅगेतून काढायच्या आधी

लाइट आहे ना बघा, म्हणजे खरी लाइट. घर इन्व्हर्टरवर चालू असेल तर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर बऱ्याच ॲम्पमध्ये घुंsss असा आवाज येतो आणि ड्राइव्ह चॅनलवर तर तो कैक पट होतो, चांगला ॲम्प त्यामुळे नाकारला जातो.

मग सॉकेटची अर्थिंग. तीन पिनचं सॉकेट असलं तरी आत अर्थची वायर जोडलेली असेलच असं जुन्या बिल्डिंगमध्ये गृहीत धरू नका, आणि विकणाऱ्याने दोन पिनचा कन्व्हर्टर लावला असेल तर तो काढायला सांगा. ॲम्प ऑन केल्यावर टेस्टर ॲम्पच्या मागच्या पत्र्याच्या स्क्रूला लावून बघा. टेस्टर पेटला किंवा नंतर गिटार जोडून तिच्या तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथेच बंद करा, दुसऱ्या सॉकेटवर बघा, तिथेही तेच असेल तर वाजवायचंच नाही.

टॉर्च मारून मागून बघा: स्पीकरचा कोन फाटलाय का, चिकटवलाय का, बुरशीचे डाग आहेत का. इगतपुरी-त्र्यंबककडचा ॲम्प असेल तर पावसाळ्यातला ओलावा खाल्लेला असतो, जॅक आणि स्क्रूवर गंज दिसतो. गणपती-नवरात्रात भाड्याने फिरलेला ॲम्प असेल तर कोपरे आणि हँडल सांगतातच.

⚠ हेड (नुसता ॲम्प) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगळं असेल तर ट्यूब हेड स्पीकर केबल जोडल्याशिवाय ऑन करू नका, करू देऊ नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

टप्पा ४: ओव्हरड्राइव्ह बघायचाय, म्हणून आधी क्लीन

हा टप्पा लोक हमखास गाळतात आणि सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. डिस्टॉर्शनमध्ये बिघाड लपतो. स्पीकरची कॉइल घासत असेल, जॅक सैल असेल, एखादी ट्यूब मरायला आली असेल, ते सगळं गेनच्या खाली "टोन" म्हणून खपून जातं.

क्लीन चॅनल, सगळे इफेक्ट बंद, रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) शून्य. लो ई एकटी, जरा जोरात, आणि सूर मरेपर्यंत ऐका. मागून कागद फडफडल्यासारखा किंवा खरवडल्यासारखा आवाज आला तर स्पीकर गेलाय किंवा कॅबिनेटचा स्क्रू सैल आहे. स्क्रू हाताने दाबून परत वाजवा, थांबला तर स्क्रू, नाहीतर स्पीकर.

आता सगळे नॉब एकेक करून शून्य ते दहा फिरवा. खरखर येणं जुन्या ॲम्पला साहजिक आहे, पाच-सहा वेळा फिरवून कमी झाली तर धूळ आहे, क्लीनरने जाते. पण एखाद्या जागी आवाज पूर्ण गायब होत असेल तर तो पॉट (नॉबच्या आतला फिरणारा भाग) बदलावा लागणार.

आणि आता ती पॅच केबल. मागे इफेक्ट्स लूप (पेडल मध्येच जोडायचे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक) असेल तर सेंड आणि रिटर्न यांच्यात ती लावा. लावल्याबरोबर आवाज एकदम भरला, गेन वाढल्यासारखा वाटला, म्हणजे रिटर्न जॅकच्या आतल्या पट्टीवर मळ बसलाय आणि सिग्नल अडत होता. जुन्या ॲम्पमध्ये हे फार दिसतं, आणि असा ॲम्प लोक "ड्राइव्ह मेलेला आहे" म्हणून सोडून देतात किंवा विकणारा स्वतःच तसं समजून स्वस्तात काढतो. किरकोळ सफाईचं काम आहे. तुलना करताना मात्र पॅच केबल लावून ठेवा, नाहीतर सगळं चुकीचं ऐकू येईल.

✔ क्लीन चॅनल निर्धोक वाटला तरच पुढे. इथेच शंका असेल तर ड्राइव्ह ऐकून स्वतःला भुलवू नका.

टप्पा ५: जागा आणि आवाज जुळवा

गिटार स्पीकर ट्रेबल सरळ समोर फेकतो. ॲम्प जमिनीवर आणि तुम्ही उभे, तर ट्रेबल तुमच्या गुडघ्यांना ऐकू येणार आणि तुम्हाला तो ॲम्प दबका वाटणार. दुसऱ्या घरी ॲम्प टेबलवर असेल तर तोच प्रकारचा ॲम्प बोचरा वाटणार. म्हणून प्रत्येक ठिकाणी ॲम्प मजबूत स्टुलावर किंवा टेबलवर घ्या, भिंतीच्या कोपऱ्यातून बाहेर ओढा कारण कोपरा बेस फुगवतो, आणि दोन मीटरवर बसून ऐका, कान साधारण स्पीकरच्या उंचीला. रिकाम्या खोलीत, नुसत्या फरशीवर, सगळंच कर्कश वाटतं, तसं असेल तर कार्डवर लिहून ठेवा आणि शक्य असेल तर गादी-पडदे असलेल्या खोलीत ॲम्प न्यायची विनंती करा.

आता लूपर चालू करा, फोन तुमच्या कानाजवळ धरा, आणि ॲप साधारण ८० डेसिबल दाखवेपर्यंत मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) फिरवा. फोनचं ॲप अचूक नसतं हे खरं, पण आपल्याला अचूक आकडा नकोच आहे, तोच फोन, तेच ॲप, तेच अंतर असलं की दोन घरांची तुलना होते. आकडा सारखा नाचत असेल तर ॲपमध्ये स्लो किंवा ॲव्हरेज निवडा.

ही खटपट का, तर दोन-तीन डेसिबलचा फरक असला तरी जोरातला ॲम्प "जास्त चांगला" वाटतो. आपला कानच तसा आहे, आवाज वाढला की बेस आणि ट्रेबल दोन्ही भरल्यासारखे ऐकू येतात. दोन चांगले वादकसुद्धा यात फसतात. गेन वाढवला की आवाजही वाढतो, त्यामुळे पुढच्या टप्प्यांत गेन हलवला की प्रत्येक वेळी मास्टर परत ८० वर आणायचा, कंटाळा आला तरी.

टप्पा ६: गेन जुळवा, पण नॉबवरच्या आकड्याने नको

एका ॲम्पवर गेन ५ म्हणजे जेमतेम कुरकुर, दुसऱ्यावर ५ म्हणजे भिंत. आकड्याला काही अर्थ नाही. त्याऐवजी वागणुकीवरून तीन जागा शोधायच्या, ब्रिज पिकअप, गिटार व्हॉल्यूम फुल:

१. काठावर: हलकं वाजवलं तर क्लीन, जोरात वाजवलं तर फाटतो.
२. क्रंच: पॉवर कॉर्ड पूर्ण घाण, पण गिटारचा व्हॉल्यूम ४-५ वर आणला की जवळजवळ क्लीन.
३. लीड: जी तारेच्या बाराव्या फ्रेटचा सूर व्हायब्रॅटोसह पाच-सहा सेकंद आरामात टिकतो.

तिन्ही जागांचे गेनचे आकडे कार्डवर लिहा. एखाद्या चॅनलवर पहिली जागा सापडतच नाही, शून्याच्या जरा वर गेलं की थेट दुसऱ्या जागेवर उडी, स्वस्त सॉलिड स्टेटमध्ये असं बऱ्याचदा होतं. ब्लूज किंवा जुन्या मराठी-हिंदी गाण्यांचं बॅकिंग करणार असाल तर हा दोष मोठा, मेटल वाजवणार असाल तर तुम्हाला काही फरक पडत नाही. दुसरा प्रकार म्हणजे तिसरी जागा गेन १० वरसुद्धा येत नाही, मग लीडसाठी पेडल घ्यावं लागणार, तो खर्च लिहा.

इक्यूचं: "सगळे नॉब मध्यावर म्हणजे फ्लॅट" असं सगळे धरून चालतात आणि ते चूक आहे. फेंडर-मार्शल पद्धतीच्या टोन सर्किटमध्ये मध्यावर ठेवलं तरी मिड्स खाली गेलेले असतात, ॲम्पागणिक कमी-जास्त. म्हणून मध्यावरून सुरुवात करा, पण प्रत्येक ॲम्पला पाच मिनिटं द्या आणि लूपर चालू ठेवून त्याचा स्वतःचा सगळ्यात चांगला आवाज शोधा. मध्यावर ऐकून एकाला नापास करणं अन्याय आहे.

⚠ मॉडेलिंग ॲम्प असेल तर सेव्ह केलेल्या प्रीसेटवर ऐकू नका. बॉस कटाना ५० असेल तर पॅनल मोडवर घ्या, बूस्ट, मॉड, डिले, रिव्हर्ब सगळे शून्य, पॉवर सिलेक्टर कुठे आहे ते लिहा (त्यात ०.५, २५ आणि ५० वॉट मिळतात), आणि क्रंच, लीड, ब्राउन हे तिन्ही वेगळे चॅनल समजून वेगवेगळे तपासा. रिव्हर्ब तर कुठल्याच ॲम्पवर ठेवू नका, सुराच्या शेपटीतली सगळी घाण तो झाकतो.

टप्पा ७: आता ऐका, पण एका वेळी एकच गोष्ट

"टोन कसाय?" असं स्वतःला विचारलं की उत्तर येत नाही. खाली दिलेल्या क्रमाने एकेक ऐका आणि प्रत्येकाला पाचपैकी गुण द्या.

कॉर्डमधले सूर वेगळे राहतात का. क्रंचच्या जागेवर जी मेजर पूर्ण वाजवा. पॉवर कॉर्डमध्ये फक्त रूट आणि पाचवा असतो, तो कुठल्याही डिस्टॉर्शनमध्ये चांगलाच वाजतो, त्याने परीक्षा होत नाही. तिसरा सूर आला की डिस्टॉर्शन त्या सुरांची आपसात नवीन भेसळ तयार करतं आणि तिथे चॅनलची लायकी कळते. कॉर्डमधली बी तार ओळखू येते का? मग बी सोडून नुसत्या जी आणि डी तारांवर तिसऱ्याची जोडी वाजवा, गोड राहते की थरथरून बेसूर वाटते ते ऐका.

खालचा सूर घट्ट की ढिला. लो ई पाम म्यूट, आधी हळू मग वेगात. प्रत्येक ठोका वेगळा कापला जातो की एकमेकांत लोळतो? बेस दोनने कमी करून परत बघा, कमी केल्यावर घट्ट झाला तर अडचण नाही. आठ इंची स्पीकरच्या छोट्या ॲम्पकडून बारा इंचीचा धक्का मागू नका, तुलना सारख्या आकारात ठेवा.

हाताला कळतो का. लूपर काढा, गिटार थेट ॲम्पमध्ये. व्हॉल्यूम १० वरून ४ वर आणा, मग बोटांनी वाजवा, मग पिकने फटका मारा. चांगला ओव्हरड्राइव्ह इथे तीन वेगवेगळे आवाज देतो. साधा असेल तो व्हॉल्यूम कमी केल्यावर तसाच घाण राहतो, फक्त लहान होतो. माझ्या मते या एका कसोटीला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वजन द्यावं, कारण इक्यू पेडलने सुधारता येतो, स्पीकर बदलता येतो, पण हाताला न कळणारा चॅनल तसाच राहतो.

सुराची शेपटी. हे जरा जवळून करायचं. लीडच्या जागेवर जी तार बारावा फ्रेट, एकदा छेडा आणि हात स्थिर. पहिले दोन-तीन सेकंद सगळेच ॲम्प छान वाटतात. पुढे ऐका. सूर हळूहळू पातळ होत, घाण कमी होत क्लीनकडे जातो आणि मग विझतो, हे निरोगी. त्याऐवजी शेवटी शेवटी सूर कागद फाटल्यासारखा चर्र-चर्र करत तुटला, किंवा एकदम बंद पडला जणू कुणी नळ फिरवला, तर काहीतरी आहे: सॉलिड स्टेटमध्ये सर्किटचाच स्वभाव किंवा बिघाड, ट्यूबमध्ये बायस (ट्यूबमधून सतत वाहणाऱ्या करंटची सेटिंग) फार थंड म्हणजे कमी असणं किंवा ट्यूब संपत आलेली असणं. मॉडेलिंगमध्ये नॉइज गेट (हळू आवाज कापून टाकणारा) चालू राहिलेला असतो, तो बंद करून परत.

भुताचा सूर. फक्त ट्यूब ॲम्पवर. गेन जास्त, बी तारेवर बाराव्याच्या पुढे वर वर जात एकेक सूर वाजवा. खाली दुसराच कुठलातरी बेसूर, जाडसर सूर सोबत ऐकू आला तर पॉवर सप्लायचे जुने फिल्टर कपॅसिटर थकलेले असण्याची शक्यता मोठी. दुरुस्त होतं, पण आतमध्ये ॲम्प बंद असतानासुद्धा जिवावर बेतेल असा व्होल्टेज साठलेला राहू शकतो, म्हणून हे काम घरी करायचं नाही, ट्यूब ॲम्प जाणणाऱ्या टेक्निशियनकडेच. नाशकात तसा माणूस ओळखीत नसेल तर मुंबईला पाठवायचा खर्चही धरा.

वरची फुसफुस. ट्रेबल मध्यावर ठेवून क्रंच कॉर्ड, आणि स्पीकरच्या सरळ समोरून हळूहळू बाजूला सरका. समोर बोचरं आणि बाजूला ठीक असेल तर ते स्पीकरचं ट्रेबल सरळ समोर फेकणं आहे, सगळ्यांनाच असतं. बाजूलासुद्धा मधमाश्यांसारखं वाटत असेल तर चॅनलच तसा.

शेवटी मास्टर इतका खाली आणा की शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असेल तर जागं होणार नाही, आणि क्रंच परत ऐका. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हाच आवाज विकत घ्यायचा आहे. ४० वॉटच्या ट्यूब ॲम्पचा जो मजा देणारा भाग पॉवर ट्यूबमधून येतो तो या आवाजात मिळणारच नाही. नंतर एकदा, विकणाऱ्याची परवानगी घेऊन, दुपारच्या वेळी, जोरात. कार्डवर दोन वेगळे गुण.

टप्पा ८: चॅनल बदलून बघा

फूटस्विचने क्लीन-ड्राइव्ह-क्लीन पंधरा-वीस वेळा. ठाप असा मोठा आवाज येतो का, मध्येच एखादा चॅनल अडकतो का, ड्राइव्हवरून परत आल्यावर क्लीनमध्ये घाण झिरपते का. मग क्लीन गाण्याला लागतो तसा लावून ड्राइव्हवर जा: ड्राइव्हला स्वतःचा व्हॉल्यूम आहे ना, आणि दोन्ही आवाज समतोल लागतात ना? वाटून घेतलेला इक्यू असेल तर दोन्हीला चालेल अशी एक जागा सापडते का ते इथेच ठरवा. स्टेजवर वाजवणाऱ्याला हा टप्पा टोनइतकाच महत्त्वाचा आहे, घरी एकटं वाजवणाऱ्याने पटकन उरका.

टप्पा ९: गोंगाट ओळखा

लीडच्या जागेवर हात तारांवर ठेवून शांत बसा. सssस अशी हिस जास्त गेनवर असतेच. घुं असा हम आला तर गिटारसकट गोल फिरा, फिरल्यावर कमी-जास्त झाला तर सिंगल कॉइल पिकअप आजूबाजूचं उचलतोय, ॲम्पचा दोष नाही, ट्यूबलाइट-एलईडी आणि फोनचा चार्जर बंद करून बघा. मग केबल ॲम्पमधून काढून टाका. तरीही हम तसाच, म्हणजे ॲम्पचा. ट्यूब ॲम्पमध्ये प्रीॲम्पच्या ट्यूबवर पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलकेच टिचकी मारा, जरासा टकटक आवाज चालतो, घंटा वाजल्यासारखा घुमला तर ट्यूब मायक्रोफोनिक (धक्के आवाजात पकडणारी) आहे. १२एएक्स७ ही प्रीॲम्पची ट्यूब बदलणं सोपं आहे, बाजारात मिळते, त्यासाठी ॲम्प सोडू नका, किंमत कमी करायला सांगा.

⚠ टिचकी फक्त काचेवर आणि लाकडी पेन्सिलनेच. आत बोटं घालू नका.

✔ एव्हाना ॲम्प अर्धा-पाऊण तास चालू आहे. आवाज सुरुवातीपेक्षा बसलाय का, हम वाढलाय का, जळका वास येतोय का? परत एकदा लूपर, परत ८० डेसिबल, मास्टर आधीच्याच आकड्यावर आहे का ते बघा.

टप्पा १०: रेकॉर्डिंग, आणि दोन कार्डांची गाठ

फोन दोन मीटरवर, खुर्चीवर, ॲम्पकडे तोंड करून. तिन्ही जागांवर लूपरचा तोच तुकडा, आणि सुरुवातीला तोंडाने बोला "सिडको, क्रंच, गेन ४", नाहीतर नंतर फाइल ओळखू येत नाही. फोनचा साधा रेकॉर्डर आवाज आपोआप कमी-जास्त करून सपाट करतो, त्यामुळे दोन ॲम्पमधला दम रेकॉर्डिंगवरून ठरवू नका. रेकॉर्डिंग कामाचं आहे ते कॉर्डमधली स्पष्टता, शेपटी आणि फुसफुस यासाठी.

दोन्ही ॲम्प बघून झाले की घरी हेडफोनवर, दुसऱ्या कुणाला तरी फाइल लावायला सांगा, नाव न सांगता. ब्रँड दिसत नसला की कान सरळ बोलतो. ऑरेंज दिसला की आपण क्रंच ऐकायला तयारच होऊन बसतो, आणि स्ट्रेंजरसारखा देशी ॲम्प दिसला की ऐकायच्या आधीच दोन गुण कापतो.

मग गुणांची नुसती बेरीज करू नका. तुम्ही ज्या जागेवर जास्त वाजवता (काठ, क्रंच की लीड) त्या जागेचे गुण आधी बघा, त्यात जो पुढे तो पुढे. तिथे बरोबरी असेल तर हाताला कळण्याची कसोटी. तिथेही बरोबरी असेल तर दुरुस्तीचा, स्टेपडाउनचा, पेडलचा खर्च धरून जो स्वस्त पडतो तो.

टप्पा ११: भाव आणि वाहतूक

भाव करताना "आवाज आवडला नाही" म्हणू नका, विकणाऱ्याला राग येतो आणि त्याला ते पटतही नाही. कार्ड दाखवा: "दादा, रिटर्न जॅक साफ करावा लागेल, एक ट्यूब घुमतेय, फूटस्विच नाहीये, एवढं धरून सांगा." मुद्दे समोर दिसले की माणूस आकड्यावर बोलतो.

घेतलात तर ट्यूब ॲम्प बंद करून पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या, गरम ट्यूब धक्क्याने लवकर जातात. मोठा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) ॲक्टिव्हावर पायात ठेवून द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून आणू नका, रिक्षा करा, ॲम्प सीटवर उभा, ग्रिलकडची बाजू सीटच्या पाठीला, खाली चादर. घरी आल्यावर त्याच दिवशी त्याच आकड्यांवर लूपर लावून परत एक रेकॉर्डिंग करा. खोली बदलल्याने बेस-ट्रेबल थोडे हलतील ते सोडून द्या, पण शेपटी तुटायला लागली, हम वाढला किंवा चॅनल अडकला तर विकणाऱ्याला लगेच फोन करा आणि दोन्ही फाइल पाठवा.